गणित आणि संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी : अटींच्या यादीपलीकडे काय पाहिले जाते

गणित किंवा संख्याशास्त्रात पुढे शिकू इच्छिणारा विद्यार्थी एखाद्या विद्यापीठाच्या प्रवेश अटी वाचतो, तेव्हा ती यादी त्याला फारशी अवघड वाटत नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, किमान सरासरी गुण, तीन शिफारसपत्रे, एक उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज), भाषेच्या परीक्षेचा निकाल आणि काही ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा, एवढ्यात ती संपते. या अटी पूर्ण केल्या की अर्ज छाननीत टिकतो. निवड मात्र तेवढ्यावर होत नाही. अर्ज वाचायला बसलेल्या प्राध्यापकांना एका प्रश्नाचे उत्तर हवे असते : पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम या विद्यार्थ्याला झेपतील का, म्हणजेच सिद्धता वाचणे, तिच्यातील खोट शोधणे आणि स्वतःची सिद्धता नीट लिहिणे त्याला जमते का? गुणपत्रकापासून शिफारसपत्रापर्यंतचा प्रत्येक कागद ते याच प्रश्नासाठी चाळतात. म्हणून तयारीही याच प्रश्नापासून सुरू करावी, आणि ती अर्जाच्या तारखेच्या निदान दोन वर्षे आधी करावी.

आधी कार्यक्रम ठरवा, मग अटी वाचा

‘ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ या एका नावाखाली एकमेकांपासून फार वेगळ्या गोष्टी येतात. अमेरिकेतील बहुतेक गणित आणि संख्याशास्त्र विभाग बॅचलर पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश देतात. तेथे पहिली एक-दोन वर्षे वर्गातील अभ्यासक्रमांची असतात, त्यांच्या आसपास क्वालिफाइंग परीक्षा, म्हणजे संशोधनाला पात्र ठरवणाऱ्या परीक्षा, होतात आणि मग संशोधनाला खऱ्या अर्थाने सुरुवात होते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला बहुधा टीचिंग असिस्टंटशिप मिळते. तो पदवीच्या विद्यार्थ्यांचे ट्यूटोरियल घेतो, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका तपासतो, आणि त्याबदल्यात त्याचे शिक्षणशुल्क माफ होऊन त्याला विद्यावेतन मिळते. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला अशी मदत तुलनेने क्वचितच मिळते. त्यामुळे मास्टर्सचा प्रवेश सोपा असला तरी तो खर्चाचा असू शकतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

युरोपातील रचना वेगळी आहे. १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर तेथे पदवी, मास्टर्स आणि पीएचडी असे तीन टप्पे रूढ झाले. पदवी किमान १८० क्रेडिटांची, म्हणजे साधारण तीन वर्षांची, आणि मास्टर्स अनेक ठिकाणी १२० क्रेडिटांचे असते. पीएचडीसाठी तेथे सामान्यतः मास्टर्स लागते. ब्रिटनमध्ये एका वर्षाचे मास्टर्स प्रचलित आहे. केंब्रिजचा ‘पार्ट थ्री’ हा त्यातला सर्वांत परिचित अभ्यासक्रम असून त्याचे मूल्यमापन मुख्यतः वर्षाअखेरच्या लेखी परीक्षांवर होते. ज्यांच्या पदवीत काही विषय राहून गेले आहेत, अशा विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांनी इटलीत त्रिएस्ते येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचा वर्षभराचा गणित डिप्लोमा अवश्य पाहावा. पदवी आणि पीएचडी यांच्यातील दरी भरून काढण्यासाठीच तो आखलेला आहे.

तुमची पदवी तीन वर्षांची असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. युरोपातील मास्टर्सला ती सहसा चालते; अमेरिकेतील काही विद्यापीठे मात्र चार वर्षांच्या पदवीचा आग्रह धरतात, तर काही तीन वर्षांच्या पदवीवर मास्टर्स झालेले असल्यास अर्ज घेतात. याबाबत ऐकीव माहितीवर विसंबू नये. संकेतस्थळावरील विभागाचे पान आणि विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण पाहणाऱ्या शाखेचे, पान ही दोन्ही वाचावीत, कारण किमान अट ग्रॅज्युएट स्कूल ठरवते आणि विषयांची अट विभाग ठरवतो.

कोणते विषय झालेले असावेत

गणितासाठी मूळ अपेक्षा तीन विषयांची असते : सिद्धतेसह शिकलेले लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप आणि रिंग यांचा समावेश असलेले अमूर्त बीजगणित, आणि एक पूर्ण वर्षाचे रिअल ॲनालिसिस. त्यांच्या जोडीला कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आणि टोपॉलॉजी असेल, तर अर्ज भक्कम दिसतो. नावाजलेल्या विभागांत निवड होणाऱ्या अनेकांनी मेझर थिअरी किंवा पदव्युत्तर पातळीचे बीजगणित पदवीच्या काळातच केलेले असते. विषयाचे नाव गुणपत्रकावर असणे आणि तो विषय येणे यांत अंतर असते, आणि हे अंतर पहिल्याच सत्रात उघडे पडते.

ते अंतर स्वतः मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे. कोरा कागद घ्यावा आणि पुस्तक बंद ठेवून पुढील प्रमेय सिद्ध करावे : बंद आणि मर्यादित अंतरालावर सतत असलेले फलन तेथे एकसमान सतत असते. सिद्धता लिहून झाल्यावर ‘बंद’ हा शब्द काढला तर ती नेमकी कोणत्या ओळीत कोसळते, ते दाखवावे आणि एक प्रतिउदाहरण द्यावे. शून्य ते एक या उघड्या अंतरालावरील १/क्ष हे फलन येथे उपयोगी पडते. १/न आणि १/(न+१) हे दोन बिंदू घेतले तर न वाढेल तसे ते एकमेकांच्या हवे तितके जवळ येतात, पण त्यांवरील फलनाच्या किमती न आणि न+१ असतात, म्हणजे त्यांच्यातला फरक कायम एकच राहतो. एवढे सारे अर्ध्या तासात, ‘उघडच आहे’ हा शब्दप्रयोग न करता लिहिता आले, तर ॲनालिसिस पचले आहे असे समजायला हरकत नाही. ते जमले नाही, तर आणखी एक अवघड विषय गुणपत्रकावर चढवण्यापेक्षा हाच विषय पुन्हा हाती घेणे अधिक हिताचे ठरेल.

संख्याशास्त्राच्या अटी ढोबळमानाने सौम्य दिसतात : अनेक चलांचे कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, गणिती संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम आणि आर किंवा पायथॉनमध्ये काम करण्याची सवय. यामुळे गणित, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा अनेक शाखांतील विद्यार्थी येथे अर्ज करू शकतात, आणि ही या विषयाची मोठी जमेची बाजू आहे. परंतु मास्टर्स आणि पीएचडी यांच्या अपेक्षा येथे झपाट्याने वेगळ्या होतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षात मेझर थिअरीवर उभी असलेली संभाव्यता शिकवली जाते, आणि म्हणून जो विषय विभागाच्या यादीत केवळ ‘इष्ट’ म्हणून लिहिलेला असतो, ते रिअल ॲनालिसिस प्रवेश समिती, म्हणजे अर्ज वाचणारे प्राध्यापक, प्रत्यक्षात फार बारकाईने पाहते. संख्याशास्त्राच्या पीएचडीला अर्ज करणाऱ्याने एकच जादा विषय घ्यायचा असेल, तर तो हाच असावा, असे माझे ठाम मत आहे.

संख्याशास्त्रातही स्वतःची परीक्षा घेता येते. थीटा ही एक अज्ञात संख्या आहे, शून्य ते थीटा या अंतरालावर समान संभाव्यतेने पसरलेल्या संख्यांमधून दहा निरीक्षणे घेतली आहेत आणि थीटाचा अंदाज करायचा आहे, असे समजू. एक मार्ग म्हणजे निरीक्षणांच्या सरासरीची दुप्पट घेणे. सरासरीने ती बरोबर थीटाइतकीच येते. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांत मोठे निरीक्षण घेणे. ते थीटापेक्षा मोठे होऊच शकत नाही, त्यामुळे अंदाज सरासरीने कमी पडतो, नेमके सांगायचे तर दहा-अकरांश थीटा एवढा येतो. म्हणून त्याला ११/१० ने गुणून दुरुस्त करावे लागते. आता दोन्ही अंदाजांचे व्हेरियन्स काढावेत : पहिल्याचे थीटाच्या वर्गाचा ३० वा भाग येते, दुरुस्त केलेल्या दुसऱ्याचे १२० वा भाग. दुसरा अंदाज चौपट नेटका का ठरला, आणि निरीक्षणांची संख्या वाढवली की हा फरक आणखी का वाढतो, हे तुम्ही स्वतः गणित मांडून समजावू शकत असाल, तर गणिती संख्याशास्त्राचा पाया तयार आहे. केवळ सॉफ्टवेअरमध्ये आज्ञा देऊन उत्तर मिळवण्याची सवय असेल, तर ही त्रुटी आधी भरून काढावी.

एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. प्रत्येक विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम, वापरलेले पाठ्यपुस्तक आणि त्यातील शिकवलेली प्रकरणे यांची नोंद त्या त्या सत्रातच जपून ठेवावी. ‘गणित भाग पाच’ अशा नावाखाली ग्रुप थिअरी शिकवली होती की संख्यात्मक पद्धती, हे परदेशातील वाचणाऱ्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. जर्मनीसारख्या देशांत तर तुमच्या विषयांची त्यांच्या पदवीतील विषयांशी क्रेडिटनिशी तुलना करून पात्रता ठरवली जाते, आणि तेथे हे वर्णन नसेल तर चांगला अर्जही अडकून पडतो.

गुण आणि परीक्षा

अमेरिकेतील अनेक ग्रॅज्युएट स्कूलांची किमान अट चारपैकी ३.० सरासरीची असते. स्पर्धा असलेल्या विभागांत निवड होणाऱ्यांचे गुण त्याहून बरेच वर असतात. पण एकूण सरासरीपेक्षा ॲनालिसिस, अल्जिब्रा आणि संभाव्यता यांतले गुण जास्त पाहिले जातात. पहिल्या वर्षी गुण कमी आणि शेवटच्या दोन वर्षांत चढते असतील, तर ते सहज समजून घेतले जाते. याउलट सोपे विषय निवडून राखलेली उत्तम सरासरी समितीच्या चटकन लक्षात येते. आजारपणासारख्या कारणाने एखादे सत्र बिघडले असेल, तर ते दोन वाक्यांत सरळ सांगावे आणि पुढे जावे.

जीआरईची जनरल परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांहून किंचित कमी वेळाची झाली आहे. व्हर्बल आणि क्वांटिटेटिव्ह या विभागांचे गुण १३० ते १७० या मापावर असतात. क्वांटिटेटिव्हमधले गणित शालेय पातळीचे असल्याने गणिताच्या अर्जदाराचे गुण त्यात चांगले येणे गृहीतच धरले जाते. गणिताची सब्जेक्ट टेस्ट मात्र खरी विषयाची परीक्षा आहे : २ तास ५० मिनिटांत ६६ प्रश्न, गुण २०० ते ९९० या मापावर. तिच्यातला जवळजवळ निम्मा भाग कॅल्क्युलसचा, चौथा भाग बीजगणिताचा आणि उरलेला ॲनालिसिस, टोपॉलॉजी, संभाव्यता अशा इतर विषयांचा असतो. प्रश्नामागे अडीच मिनिटांहून थोडाच अधिक वेळ मिळत असल्याने ज्ञानाइतकाच वेगही लागतो, आणि कॅल्क्युलसचा सराव सुटलेले हुशार विद्यार्थी येथे मागे पडतात. काही विभाग ही परीक्षा सक्तीची ठेवतात, काही ऐच्छिक ठेवतात आणि काही तिचे गुण पाहतच नाहीत. ती ऐच्छिक असेल आणि तुमचे विद्यापीठ समितीला फारसे परिचित नसेल, तर चांगले गुण जरूर पाठवावेत; तुमच्या गुणपत्रकाला ते एक सर्वांना समजणारे माप मिळवून देतात. जीआरईचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, तर टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे निकाल सामान्यतः दोनच वर्षे चालतात, म्हणून भाषेची परीक्षा फार आधी देऊन ठेवू नये.

शिफारसपत्रे

संपूर्ण अर्जात सर्वांत जास्त वजन कशाला असेल, तर ते शिफारसपत्रांना. गुणपत्रक किती गुण मिळाले ते सांगते. ते कसे मिळाले हे फक्त शिक्षकच सांगू शकतो. ‘हा विद्यार्थी प्रामाणिक, कष्टाळू आणि वर्गात नियमित हजर राहणारा आहे; मी त्याला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा देतो’ असे पत्र वाचून समितीच्या हाती काहीही लागत नाही. त्याउलट, ‘कॉम्पॅक्टनेसवरील गृहपाठात हिने मी वर्गात दिलेल्या सिद्धतेपेक्षा लहान सिद्धता शोधली, तिच्यात एक पोकळी होती, ती मी दाखवल्यावर दोन दिवसांनी ती भरून आली आणि दरम्यान तिने विधानाची एक अटही अनावश्यक असल्याचे दाखवले, गेल्या दहा वर्षांत मी हा विषय शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ती पहिल्या तिघांत बसेल’ असे पत्र एखाद्या विषयातले कमी गुणही झाकू शकते. दोन्ही पत्रे एकाच वर्गातल्या समान गुणांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली असू शकतात. फरक इतकाच की दुसऱ्या विद्यार्थिनीचे काम शिक्षकाने जवळून पाहिले होते.

असे पत्र अर्जाच्या महिन्यात मागून मिळत नाही. त्यासाठी दोन वर्षे आधीपासून तीन प्राध्यापकांशी गणिताच्या निमित्ताने सतत संबंध ठेवावा लागतो : त्यांच्याकडे वाचन-प्रकल्प करावा, चर्चासत्रात एखादे प्रमेय फळ्यावर मांडावे, प्रश्न घेऊन त्यांच्या खोलीत जावे आणि त्यांनी सुचवलेले वाचून पुन्हा जावे. तिघेही शक्यतो गणित किंवा संख्याशास्त्राचे असावेत. संख्याशास्त्राच्या अर्जात विदा-विश्लेषणाचे काम ज्यांच्या हाताखाली केले अशा दुसऱ्या शाखेच्या संशोधकाचे एक पत्र चालते. केवळ मोठ्या पदावर असल्याने विभागप्रमुखाचे किंवा प्राचार्यांचे पत्र घेणे ही अगदी नेहमीची आणि महाग पडणारी चूक आहे. पत्राची विनंती अंतिम तारखेच्या किमान सहा आठवडे आधी करावी. सोबत गुणपत्रक, उद्देशपत्राचा मसुदा, त्यांच्या विषयात केलेल्या कामाची आठवण करून देणारे अर्धे पान आणि विद्यापीठांची तारखांसह यादी द्यावी. ‘आपण माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?’ असे स्पष्ट विचारावे. प्राध्यापक थोडे अडखळले, तर त्यांचे आभार मानून दुसऱ्यांकडे जाणे दोघांच्याही सोयीचे असते. स्वतःचे पत्र स्वतः लिहून सहीसाठी पुढे करू नये. ते अप्रामाणिक तर आहेच, शिवाय अशी पत्रे एकसारखी वाचू लागतात आणि अनुभवी वाचकाला ती ओळखू येतात.

उद्देशपत्र

दोन पानांच्या उद्देशपत्राची सुरुवात बहुतेक जण लहानपणापासूनच्या गणितप्रेमाने करतात. ते प्रेम खरे असते यात शंका नाही, पण समितीला त्यातून निर्णय घेता येत नाही. ‘मला संख्याशास्त्रात अतिशय रुची असून मला या क्षेत्रात मोलाचे योगदान द्यायचे आहे’ हे वाक्य पाहा. ते कोणीही लिहू शकेल. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी गहाळ नोंदी असलेल्या सर्वेक्षणावर काम केले. नोंदी कोणत्या कारणाने गहाळ झाल्या त्यानुसार अंदाज कसा बदलतो, हे मी सिम्युलेशनने तपासले; पण काही अटींखाली तो बदल का होत नाही, हे मला सिद्ध करता आले नाही, आणि तेथूनच माझे लक्ष या विषयाच्या सैद्धांतिक बाजूकडे वळले.’ येथे विद्यार्थ्याने काय केले, तो कोठे थांबला आणि त्याला पुढे का जायचे आहे, हे तिन्ही दिसते.

पुढच्या भागात तोच विभाग का निवडला, हे लिहावे. त्यासाठी दोन-तीन प्राध्यापकांची नावे लिहिणे पुरेसे नाही. त्यांच्या एका तरी शोधनिबंधाची प्रस्तावना वाचलेली असावी. शुद्ध गणितात पदवीच्या विद्यार्थ्याचा प्रकाशित शोधनिबंध असलाच पाहिजे, अशी अपेक्षा नसते, म्हणून घाईने कोठेतरी काहीतरी छापून आणण्याच्या मागे लागू नये. एखादे अवघड पुस्तक चिकाटीने वाचून त्यावर लिहिलेले वीस पानांचे टिपण त्याहून कितीतरी अधिक बोलते. रुची अजून पक्की नसेल, तर ‘बीजगणितीय भूमिती आणि संख्या सिद्धांत यांपैकी निवड पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमांनंतर करावी असे वाटते’ असे मोकळेपणाने लिहिण्यात काहीही गैर नाही. अमेरिकी पीएचडीची रचना तसे करू देते. ब्रिटन आणि युरोपातील पीएचडीला मात्र विषय आणि मार्गदर्शक बहुधा आधी ठरवावा लागतो, आणि कित्येकदा अर्जापूर्वी त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागतो.

तारखा आणि निकाल

अमेरिकेतील पीएचडीच्या अंतिम तारखा मुख्यतः डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. सब्जेक्ट टेस्ट वर्षातून ठरावीक महिन्यांतच, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सुमारास होते, म्हणून एप्रिलची संधी घेतल्यास चूक सुधारायला ऑक्टोबर हाती राहतो. विद्यापीठांची निवड तीन गटांत करावी : जेथे प्रवेश मिळाल्यास आनंदाश्चर्य वाटेल अशी काही, तुमच्यासारख्या तयारीच्या विद्यार्थ्यांना जेथे नियमित प्रवेश मिळतो अशी काही, आणि जेथे तो मिळण्याची पुरेशी खात्री आहे व जेथे तुम्ही खरोखर जाल अशी दोन. प्रत्येक अर्जाला शुल्क पडते. ते परवडत नसेल तर विभागाकडे शुल्कमाफीची विनंती अंतिम तारखेच्या बरीच आधी करावी, कारण अनेक ठिकाणी तशी तरतूद असते, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

निकाल साधारण फेब्रुवारीपासून येऊ लागतात. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाचे उत्तर १५ एप्रिलपूर्वी देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नाही, असा ठराव अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या पुढाकाराने झालेला आहे आणि बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी तो मान्य केलेला आहे; त्यामुळे मार्चमध्ये कोणी घाई करू लागले तर हा ठराव त्यांच्या लक्षात आणून द्यावा. प्रस्तावाच्या पत्रात साहाय्य किती वर्षांचे आहे, उन्हाळ्याच्या महिन्यांत ते मिळते का, आरोग्य विमा त्यात धरला आहे का आणि क्वालिफाइंग परीक्षेसाठी किती संधी मिळतात, हे तपासावे. शेवटची गोष्ट तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारणे उत्तम. आणि ज्या विभागात जायचे नाही हे नक्की झाले आहे, त्याला त्याच दिवशी नकार कळवावा, कारण प्रतीक्षा यादीतला पुढचा विद्यार्थी त्या एका जागेसाठी थांबलेला असतो.